हिंदीच्या आडोशाला नको

तू हिंदीत बोललीस त्याचं मला काही वाटलं नाही गं. का बोललीस, ते लागलं.

परवा फोनवर आपण दोघी मस्त बोलत होतो. 'मले सांग', 'काहून', 'काय करून राह्यली', सगळं आपल्या वऱ्हाडी वळणाचं. तेवढ्यात तुझ्या पुण्यातल्या खोलीत मुली आल्या आणि तुझा आवाजच फिरला. 'हाँ दीदी, बाद में बात करते हैं.' दीदी? जन्मात कधी तू मला दीदी म्हटलं नाहीस. आणि त्या मुली तर मराठीच, एक सांगलीची, एक साताऱ्याची, तूच सांगितलं होतंस. म्हणजे ती हिंदी त्यांना कळावं म्हणून नव्हती. आपली बोली त्यांच्या कानावर पडू नये म्हणून होती.

हे तुझ्या एकटीचं नाही. आपल्याकडून पुण्याला गेलेली कितीतरी पोरं-पोरी हेच करतात. मराठीत तोंड उघडलं की दोन वाक्यांत कोणीतरी म्हणतं, 'परत बोल ना, किती गोड!' आणि ते गोड म्हणणं हसण्यापेक्षा जास्त टोचतं. हिंदीत ही कटकट नाही. हिंदीत आपण कुठल्याही गावचे होऊन जातो. मग आधी रिक्षावाल्याशी हिंदी, मग मेसच्या मावशींशी, मग वर्गातल्या मराठी मुलींशी, आणि बघता बघता मराठी फक्त घरच्या फोनपुरती उरते. तीही खोलीत कोणी नसेल तर. मी पुण्यात नोकरीला होते तेव्हा आपल्याच वर्धा जिल्ह्याच्या दोघी एकमेकींशी हिंदीत बोलताना मी ऐकल्या आहेत. एक देवळीची, एक पुलगावची. दोन गावं अशी शेजारी आणि बोलणं असं, जणू कानपूर-लखनौ!

म्हणून आज जरा निवांत लिहिते आहे. आणि बघ, लिहिताना मीही पुस्तकी मराठीच लिहिते आहे. बोलताना काया-निया म्हणते आणि कागदावर काळा-निळा उतरवते. यात ढोंग नाही. जागा बदलली की जीभ बदलते, एवढंच. तुझी जीभ भीतीनं बदलली, तिथं मात्र माझी तक्रार आहे.

आधी हे पाहू, की ते हसतात नेमकं कशाला. आपण 'ळ'चा 'य' करतो. काळा म्हणजे काया, डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, जवळ म्हणजे जवय. 'ण'चा 'न' करतो: पानी, कोन, लोनी. 'मला-तुला' ऐवजी 'मले-तुले'. 'करते आहे' ऐवजी 'करून राह्यली'. आणि निरोप देताना 'ये' न म्हणता 'येजो' म्हणतो. हा 'येजो' मला तर फार आवडतो, त्यात हुकूम नाही, घाई नाही.

आता चूक कशाला म्हणतात, सांग बरं. चूक माणसागणिक वेगळी असते, आज होते, उद्या होत नाही. इथे अकोल्यापासून आपल्या आर्वीपर्यंतची माणसं, एकमेकांना न विचारता, नेमक्या त्याच अक्षराशी नेमका तोच बदल करतात. 'ल'चा 'य' कोणी करत नाही. गाल हा गालच राहतो, 'गाय' होत नाही. 'ळ'चाच 'य' होतो. याला नियम म्हणतात, बाळा. ग्रियर्सन नावाच्या अभ्यासकानं भारतातल्या भाषांची पाहणी केली, तिच्या मराठीवरच्या खंडात, १९०५ साली, वऱ्हाडी आणि नागपुरी या बोलींच्या वेगळ्या नोंदी आहेत. कवी विठ्ठल वाघांच्या संग्रहाचं नावच 'काया मातीत मातीत' आहे. अख्ख्या महाराष्ट्रानं ते मिटक्या मारत वाचलं, आणि कवीनं 'काळ्या' नाही, 'काया'च लिहिलं.

आणखी एक गोष्ट मला नेहमी छळते. रेल्वेच्या हिंदी घोषणेत 'लोनावला' म्हणतात. लोणावळ्याचा 'ण' गेला, 'ळ' गेला. निम्मा देश तसंच म्हणतो. तुझ्या खोलीतल्या त्याच मुली हिंदी बोलताना बिनदिक्कत 'लोनावला' म्हणत असतील. त्याला कोणी गावंढळ म्हणत नाही. आपली आजी 'लोनी' म्हणाली की मात्र अडाणी! अक्षरं तीच आहेत. तेव्हा हा प्रश्न आवाजाचा नाहीच, कोणाच्या तोंडून तो आवाज निघाला त्याचा आहे. हे एकदा नीट कळलं की निम्मी लाज तिथंच गळून पडते.

उरलेली निम्मी जाते ती आपल्या घरात हिंदी आली कुठून ते कळल्यावर. तुला वाटतं ती टीव्हीतून आली. नाही. वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाड, अलीकडे आपण नागपूर प्रांतातले. १८६१ साली मध्य प्रांत झाला तेव्हापासून १९५६ पर्यंत आपला जिल्हा जबलपूर-रायपूरच्या हिंदी जिल्ह्यांबरोबर एकाच राज्यात होता आणि राजधानी होती नागपूर. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं आपण चक्क मध्य प्रदेशात होतो. कचेरीत, रेल्वेत, बाजारात दोन्ही भाषा चालत. ज्या घरात चार पिढ्या कोर्टाची तारीख आणि कापसाचा भाव दोन भाषांत ऐकला गेला, तिथली पोर दोन्ही भाषा घेऊनच जन्माला येणार.

त्यात आपला जिल्हा वर्धा! १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, त्याच वर्षी वर्ध्याला राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली. आपल्या आजीच्या पिढीतल्या किती बायका प्रवेश, परिचय, कोविद अशा तिच्या परीक्षांना बसल्या असतील. काहींच्या आयुष्यातलं ते एकमेव प्रमाणपत्र, आणि तेही हिंदीचं. १९७५ साली नागपूरला पहिलं विश्व हिंदी संमेलन भरलं, त्याचा पुढाकारही वर्ध्याच्या या समितीचाच. १९९७ पासून तर वर्ध्यात हिंदीचं आख्खं विद्यापीठ आहे, देशोदेशीचे विद्यार्थी तिथे हिंदी शिकायला येतात. तेव्हा हिंदी आपल्याला उसनी आणावी लागत नाही. ती आपल्या ओसरीवरच बसलेली आहे. म्हणून तर म्हणते, ओसरीवरच्या माणसाशी बोल, त्याच्या पाठीमागे लपू नको.

आणि लपून तरी काय होतं? मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं आहे हे. तुला वाटतं तुझी हिंदी कुठल्याच गावची नाही. अलाहाबादच्या माणसाला एका मिनिटात कळतं की ही पोर मराठी आहे. 'ज्ञान' आपण 'द्न्यान' म्हणतो, ते 'ग्यान' म्हणतात. आपण 'क्रुष्ण' म्हणतो, ते 'क्रिष्ण'. त्यांचं 'है' आणि 'और' एका सुरात निघतं, आपल्या तोंडी 'हय' होतं. 'जाना' म्हणताना आपली जीभ दातांकडे सरकते आणि 'ज' जाडा होतो. 'पढ़ना' आणि 'लड़का' यांतला तो ढ आणि ड, ज्यांच्याखाली ते टिंब देतात, तो तर आपल्याला मुद्दाम शिकावा लागतो. वर 'मेरे को' आणि 'तेरे को' आहेच. म्हणजे मराठीत वऱ्हाडी म्हणून ओळखतात आणि हिंदीत मराठी म्हणून. मग दोन्हीकडे ताठ मानेनंच उभं राहिलेलं काय वाईट?

आता तुझ्या जिभेचं कौतुक सांगते, जे तुला कोणी सांगितलं नसेल. मराठीत 'च' आणि 'ज' दोन-दोन आहेत. चार मधला 'च' वेगळा, चारा मधला वेगळा. जीव मधला 'ज' वेगळा, जरा मधला वेगळा. लिहायला अक्षर एकच! त्यातून गंमत अशी की 'माझा' म्हणताना 'झ' दातांजवळ आणि 'माझी' म्हणताना तोच 'झ' टाळूवर जातो. हे तुला कोणी शिकवलं? कोणीच नाही. घरी आपण 'माहा-माही' म्हणतो, तरी शाळेत पहिल्या दिवसापासून तू 'माझा' आणि 'माझी' बरोबर म्हणत होतीस. बाहेरून आलेल्या माणसाला मराठी शिकताना घाम फुटतो तो इथेच. कुठे कुठला 'च' घ्यायचा हे पुस्तकातल्या अक्षरावरून कळत नाही, कानानंच घ्यावं लागतं. तुझ्या कानानं ते पाळण्यात असतानाच घेतलं. असा कान असलेल्या मुलीनं एका 'ळ'पायी तोंड लपवावं, हे मला पटत नाही.

खरं तर तू दोन भाषांची नाहीस, तीन भाषांची आहेस: घरची बोली, पुस्तकी मराठी आणि हिंदी. आणि हे शाळेपासूनचं आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच देशभरची शिक्षण परिषद भरली होती. गांधीजी अध्यक्ष होते, झाकिर हुसेन होते. सात वर्षं मोफत, सक्तीचं आणि मातृभाषेतून शिक्षण, असं तिथे ठरलं. फार मोठी गोष्ट. पण आर्वीच्या खेड्यातली पोर पहिलीत जाऊन बसते तेव्हा पुस्तकातली मराठीसुद्धा तिची दुसरीच भाषा असते, हे तेव्हाही फारसं कोणाच्या ध्यानात आलं नाही आणि आजही येत नाही. घरी 'वावर', पुस्तकात 'शेत'. घरी 'आलू', पुस्तकात 'बटाटा'. घरी 'फल्ली', पुस्तकात 'भुईमूग'. मग पुढे पाचवीला हिंदी. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या गोंड, कोलाम घरांतल्या मुलींचा विचार कर. त्यांची घरची भाषा तर मराठीची बोलीसुद्धा नाही. त्या वर्गात येतात तेव्हा वऱ्हाडी हीच त्यांच्यासाठी शहरी भाषा असते! त्यांना कोण गोड म्हणतं? म्हणून माझं मत आहे की पहिली-दुसरीच्या बाईंनी मुलांशी खुशाल बोलीत बोलावं आणि पुस्तकी मराठी हळूहळू आणावी. ज्या बाई तसं करतात त्यांच्या वर्गातली मुलं बोलकी होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दोन भाषांत मोकळेपणी वावरलेली माणसं शोधायला लांब जायला नको. तुकडोजी महाराज घे. यावलीत १९०९ साली जन्म. ग्रामगीता मराठीत लिहिली आणि भजनं मराठीतही रचली, हिंदीतही. खंजिरी तीच, मांडवही तोच. १९४२ साली आपल्या आष्टीत लोक उठले तेव्हा या भजनांनी आधीच गावं पेटवलेली होती, आणि इंग्रजांनी महाराजांना तुरुंगात टाकलं. काका कालेलकर साताऱ्यात जन्मले, मराठी माणूस, पण लेखन केलं ते मुख्यतः गुजरातीत, इतकं की गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत. आणि हेच काका वर्ध्यात राहून हिंदीचा प्रचार करत होते! मुक्तिबोधांचं घर तर मला फारच विलक्षण वाटतं. एका घरातले दोन भाऊ. गजानन माधव हिंदीतले मोठे कवी झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. दोघेही नागपुरात राहिले. त्या घरात जेवताना कुठल्या भाषेत भांडत असतील, असं मला नेहमी वाटतं. यांच्यापैकी कोणी एक भाषा दुसरीच्या लाजेपायी धरली नाही. त्यांना त्या भाषेत काहीतरी करायचं होतं. तुझ्या हिंदीलाही असं काही काम दे. चांगली हिंदी वाच, हिंदीत लिही, पुढे अनुवाद कर. पण मराठी टाळायला तिला राबवू नको.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणशील ताई भाषणच देते. प्रमाण मराठी तुला चांगली यायलाच हवी. मुलाखतीत, व्याख्यानात, आकाशवाणीवर, कोर्टात ती लागते. 'आमची बोली हीच आमची ओळख' असं म्हणून ती शिकायचं टाळणारे लोक मला आळशी वाटतात. ही शिकायची गोष्ट आहे, स्कूटी शिकतो तशी. स्कूटी आली म्हणून कोणी पायी चालायला लाजत नाही.

'ळ' कसा काढायचा, सांगते. 'ल' म्हण. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकलेलं असतं. आता ते टोक टाळूवरून हळूहळू मागे ने, टाळू जिथे घुमटासारखी वर जाते तिथपर्यंत. तिथे टोक किंचित उलटं टेकव आणि पटकन पुढे सोड. झाला 'ळ'. 'ण'साठीही जीभ तिथेच, फक्त आवाज नाकातून. मग जोड्या म्हण: वेल-वेळ, काल-काळ, चाल-चाळ, गाल-गाळ. मन-मण, तन-तण, खान-खाण. घाईनं नको, मोठ्यानं म्हण. मोबाईलवर आवाज भरून परत ऐक. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना सगळ्यांनाच कसंतरी होतं, त्यावरून काही ठरवू नको.

रोजच्या वाचनाला गीताई घे. विनोबा १९२१ साली वर्ध्याला आले आणि १९३०-३१ च्या दरम्यान इथेच त्यांनी गीताई लिहिली. ज्यांना संस्कृत येत नाही त्यांच्यासाठी लिहिली, म्हणून शब्द सोपे आहेत, आणि मोठ्यानं म्हणण्यासाठीच आहे, म्हणून जिभेला चाल मिळते. भक्तिभाव असो नसो, उच्चाराला याच्याइतकं सोयीचं पुस्तक मला दुसरं माहीत नाही. गोपुरीच्या गीताई मंदिरात तर ती उभ्या दगडांवर कोरलेली आहे, एकेका दगडापाशी थांबून म्हणत जाता येतं. आणि विनोबा हा गडी स्वतः कसा होता? वेल्लूरच्या तुरुंगात बसून दक्षिणेच्या चार भाषा शिकला. भाषा शिकायला वय आणि जागा लागत नाही, एवढं त्यावरून घे.

एक धोका मात्र सांगून ठेवते. 'ण' नवा नवा जमला की माणूस तो दिसेल तिथे लावत सुटतो. मनाचा 'मण' करतो, आनंदाचा 'आणंद' करतो. हे ऐकायला 'पानी'पेक्षा शंभर पटीनं वाईट लागतं. शंका आली तर सरळ 'न' म्हण आणि पुढे जा. कोणी अडवत नाही.

आणि शब्दांचं काय? तिथे पुण्यात भाजीवाल्याला सांबार मागितलास तर तो मसाल्याच्या दुकानाकडे बोट दाखवेल. तिथे कोथिंबीर म्हणावं लागतं. यात मानापमान काही नाही, भाजी मिळाली पाहिजे. पण खोलीतल्या मुलींना एकदा सांबारवडी करून खाऊ घाल आणि तिला सांबारवडीच म्हण. पुढच्या वेळी त्याच मागतील आणि नावानं मागतील. कोणी 'परत बोल ना, गोड आहे' म्हणालं तर शांतपणे विचार, 'तुमच्या सांगलीकडं कसं म्हणतात?' तिच्याही घरी प्रमाण मराठी बोलत नसतील, बहुतेक. तीही पुण्यात येऊन थोडी बदललीच असेल. मग दोघी मिळून हसा.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा पुराव्यादाखल जे जुने ग्रंथ पुढे आले त्यांत लीळाचरित्र होतं. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ तेराव्या शतकात रिद्धपूरला लिहिला गेला. रिद्धपूर म्हणजे पुणे नव्हे, आपल्या शेजारचा अमरावती जिल्हा. ही गोष्ट कोणाच्या तोंडावर फेकायला सांगत नाही. तुझी तुला ठाऊक असू दे.

शेवटचं, आणि हे मात्र विनंती म्हणून नाही. दिवाळीत घरी येशील तेव्हा 'ळ' आणि 'ण' खुशाल घेऊन ये, मला म्हणून दाखव, मी ऐकीन. पण मायला सुधारायला जाऊ नको. ती 'डोया' म्हणाली तर मध्येच 'डोळा' म्हणू नको. बायकांचं अर्धं बोलणं अशा एका टोकण्यानं बंद होतं, मग त्या लेकीशी फोनवर 'बरी आहे, जेवली का' याच्या पुढे बोलत नाहीत. आणि स्वयंपाकघरात गेलीस की पाणी नको, पानीच मागजो.